निरोपाचं नाणं

“मालनताई, तुमची ही लोहारीण बोलायची थांबतच नाही,” गद्रे म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. लोहारणीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी परत दाबलं, पुढचंही तुटलं. पडद्यावर ती बिचारी तोंड उघडायची आणि मिटायची, आणि मी शेजारी उभी राहून माझीच वाक्यं वाया जाताना बघत होते.

“ऐकून तर घ्या. तिच्या सासऱ्यानं गडाच्या दरवाज्याचे खिळे ठोकलेत,” मी म्हटलं.

“ठोकू देत. मला माझ्या तलवारीला धार लावून हवीय. ती कधी लावणार?”

“खिळ्यांचं झालं की.”

मन्सूर खुर्चीत आणखी खाली सरकला. त्याचं अख्खं नशीब त्या दिवशी गद्र्यांच्या अंगठ्याखाली होतं आणि अंगठा काही थांबायला तयार नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीत एका चष्म्याच्या दुकानावर मन्सूर मुजावरनं खोली घेतली होती. मन्सूर आमच्याच गल्लीतला, मला आक्का म्हणायचा. पुण्यातली बरी नोकरी सोडून चार वर्षं तो एक व्हिडिओ गेम करत बसला होता. गेमचं नाव ‘जासूद’. जासूद म्हणजे पूर्वी गडावरचा खलिता घेऊन पळायचा तो. खेळणाऱ्यानं जासूद व्हायचं, गडावरून निघायचं, घाट उतरायचा, गावं ओलांडायची, भेटेल त्या माणसाशी बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं, अंगावर आला तर लढायचं आणि वेळेत बंदर गाठायचं. खेळणारा त्या जगात माणूस होऊन राहतो म्हटल्यावर तिथल्या माणसांना तोंड हवं. ते तोंड मी लिहीत होते.

मलाच का, तर आमच्या तालमीच्या गणपतीचा जिवंत देखावा मी लिहायची. गल्लीतली माणसं दाढ्या लावून उभी राहतात, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो आणि पुढून गर्दी सरकत असते. आमच्याकडे त्याचा एक कायदा होता. वर्गणी दिलेल्या प्रत्येक घरातला निदान एकजण देखाव्यात उभा राहिला पाहिजे आणि निदान एक वाक्य बोलला पाहिजे, नाहीतर ते घर वर्षभर रुसतं. त्यामुळे माझ्या देखाव्यात अफजलखानाच्या वधाआधी पाणक्या बोलायचा, मशालजी बोलायचा, पाणक्याचा मेहुणा बोलायचा. खान मरेपर्यंत रांग पार पुढच्या चौकात गेलेली असायची. तरी लोक म्हणत, मालनबाई लिहितात बाकी झकास. देखाव्याच्या फ्लेक्सवर नाव मात्र अध्यक्षांचं असायचं, फोटोसकट. माझं कधीच नाही.

‘जासूद’च्या शेवटी मात्र ‘लेखन : मालन चौगले’ असं येणार होतं. मन्सूरनं मला ते पडद्यावर दाखवलं होतं आणि मी घरी जाऊन कुणाला न सांगता शिरा केला होता.

अडचण एकच होती. गेम बाजारात आणायची ऐपत मन्सूरकडे नव्हती. ती अलोक गद्र्यांच्या पुण्यातल्या कंपनीकडे होती. मन्सूरच्या अब्बांनी सांगून टाकलं होतं, या ईदपर्यंत काय ते कर, नाहीतर बॅटरीच्या दुकानात येऊन बस. ईद तोंडावर आलेली. गद्रे कराराचा कागद घेऊन आले होते आणि आज सही झाली नाही तर मन्सूरची चार वर्षं त्या कॉम्प्युटरातच राहणार होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“मन्सूर, चित्रं उत्तम आहेत. घाट तर बघत राहावं असा,” गद्रे म्हणाले. माणूस सरळ होता, हे मला कबूल केलं पाहिजे. चेहरा थकलेला, बोलणं मऊ. “पण ही माणसं. जो भेटतो तो आजोबांपासून सुरुवात करतो. नमनाला घडाभर तेल. खेळणारा थांबत नाही, ताई. तो बटण दाबतो आणि पळतो.”

“पळणाऱ्यासाठी मी लिहीत नाही.”

“मग कुणासाठी लिहिता?”

“थांबणाऱ्यासाठी.”

“तुम्ही स्वतः थांबता?” त्यांनी विचारलं. “म्हणजे, तुम्ही हा गेम खेळलाय ना?”

मी पदर सारखा केला. मन्सूर हळूच सरळ झाला.

“आक्का, तुमी खेळलाच न्हाई व्हय?”

“आचारी पंगतीत बसतो काय रे?”

“बसावं कधीतरी,” गद्रे म्हणाले आणि उठून त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

नाकाला मिरची झोंबली होती, म्हणून बसले. मन्सूरनं कुठलं बटण कशाला ते दाखवलं. सुरुवातीला जासूद भिंतीवरच जाऊन धडकायचा, मग जरा हात बसला. गडाच्या पायथ्याला पहारेकरी भेटला. त्याचं सगळं बोलणं मी मन लावून ऐकलं, मीच लिहिलेलं असूनही. लोहारणीचे खिळे ऐकले. गद्र्यांकडे वळून बघितलंसुद्धा, बघा, थांबते की नाही. दुसऱ्या गावात गुरवानं देवळाचा इतिहास सांगितला. तोही ऐकला, पण पाय हलवत ऐकला. पडद्याच्या कोपऱ्यात सूर्य खाली चालला होता. तो मावळायच्या आत बंदर गाठायचं होतं आणि घाट अजून उतरायचा होता. तिसऱ्या गावात कुंभार बोलायला लागला आणि माझा अंगठा आपोआप बटणावर गेला.

एकदा दाबलं. कुंभाराचा थोरला भाऊ गेला. परत दाबलं. कुंभाराचं लग्न गेलं. मागे मन्सूर खोकला. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर सोपं झालं. जकातीचा कारकून, तेलीण, गुराखी, सगळ्यांना मी उडवत निघाले. घाटाच्या पोटातल्या विहिरीवर चंद्रा नावाची बाई होती. ती म्हणाली, “जासूददादा, वाईच थांबतोस काय,” आणि मी म्हटलं, नाही थांबत, आणि दाबलं. पुढे दोघे दरोडेखोर आले, त्यांना मारलं. त्यात मजा आली, खोटं कशाला बोलू.

मग नदी लागली. नदीवर होडी होती आणि होडीवर म्हातारा नावाडी. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मी जवळ गेल्यावर त्यानं मान वर केली.

“वरल्या अंगानं आलास न्हवं? आमची चंद्री भेटली काय विहिरीवर? काय सांगितलंय तिनं?”

खाली दोन ओळी आल्या. एक होती ‘निरोप सांगा’. ती फिकी होती, दाबली तरी दबत नव्हती, कारण निरोप मी ऐकलाच नव्हता. दुसरी होती ‘काही नाही, पलीकडे सोडा’. ती दाबली.

“बरं,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं होडी लोटली.

एवढंच. ते ‘बरं’ मीच लिहिलं होतं. लिहिताना त्याचा विचारही केला नसेल, कारण मला पुढच्या गावाची घाई होती. आता म्हातारा त्या काठीला धरून पाण्याकडे बघत होता आणि मला त्याच्या होडीत बसवेना.

मी जासूदाला मागे वळवलं.

“अहो ताई, उलट्या कुठे चाललात? बंदर पलीकडे आहे,” गद्रे म्हणाले.

“ह्याचं राहिलं की.”

“वेळ संपतोय.”

“संपू दे.”

घाट परत चढले. विहिरीवर चंद्रा तशीच उभी होती. या वेळी मी अंगठा मांडीखाली दाबून धरला. ती म्हणाली, “खाली नदीवर माझा बा हाय. त्याला म्हणावं, पायाची सूज उतरलीया. आणि लोणचं धाडू नको म्हणावं, पहिलंच हाय अजून.” झालं एवढंच. मी परत खाली पळाले, म्हाताऱ्यापुढे उभी राहिले आणि आता काळी झालेली ती ओळ दाबली.

“उतरली व्हय,” म्हातारा म्हणाला. मग जरा वेळानं, “लोणचं न्हाई तर न्हाई.”

त्यानं मला पलीकडे सोडलं. मी बंदरात शिरले तेव्हा सूर्य कधीच बुडाला होता. पडदा काळा झाला आणि त्यावर आलं, ‘खलिता वेळेत पोचला नाही. गड पडला.’

मन्सूर हसायला लागला. “आक्का, लोणच्यापायी तुमी गड घालवला की ओ.”

मला हसू आलं नाही. गद्रेही हसले नाहीत. ते पुढे झुकून बसले होते.

“ही जागा चांगली आहे,” ते म्हणाले. “खरंच चांगली. पण मला एक सांगा. पहिल्यांदा तुम्ही चंद्राला का उडवलंत?”

“घाई होती.”

“घाई नव्हे. लोहारणीनं, गुरवानं, कुंभारानं तुम्हाला आधीच दमवलं होतं. चंद्रा तोंड उघडते तोवर कान मेलेले असतात. तुमचेसुद्धा.”

माणूस बरोबर बोलला की मला जास्त राग येतो. मी उठून खिडकीशी गेले. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी एक फ्रेम लावून आरशात बघत होतं, मग दुसरी, मग परत पहिली. मला देखाव्यातला पाणक्याचा मेहुणा आठवला. त्याला वाक्य कशासाठी होतं? तो रुसू नये म्हणून. बघणाऱ्यासाठी नव्हतंच ते. आणि गल्लीत कुणी रुसू नये म्हणून लिहायची लागलेली सवय मी या घाटातही घेऊन आले होते. इथं तर कुणी वर्गणीही दिली नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

“मन्सूर, एकेकाला पुढं आण,” मी म्हटलं.

“कशाला?”

“काढायचंय.”

मन्सूरनं गद्र्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो कॉम्प्युटरकडे वळून नावं वाचायला लागला. मी प्रत्येकाला एकच विचारत होते. हा जे सांगतोय ते ऐकायला पुढं कुणी बसलंय का? गुरवाच्या इतिहासाची पुढच्या गावात कुणी वाट बघत नव्हतं. काढ. कारकुनाच्या चार पिढ्या, काढ. कुंभाराचं लग्न, काढ. तेलीण लपलेल्या दरोडेखोरांचा ठावठिकाणा सांगायची आणि तो पुढे उपयोगी पडायचा, ती राहिली, पण तिचा दमा काढला. गुराख्याचा भाऊ बंदरावर हमाल होता आणि गाय व्याल्याचं त्याला कळवायचं होतं. तो राहिला.

“लोहारीण?” मन्सूरनं विचारलं. त्याचा आवाज जरा हळू झाला, कारण लोहारीण मला किती आवडायची ते त्याला ठाऊक होतं.

“खिळे काढ. तिला येवढंच बोलू दे, ‘आण हिकडं. नुसती धार का पाणी पण पाजू?’”

“बस?”

“बस. काम करणारी बाई हाय ती.”

चहा आला, गार झाला, परत आला. गावंच्या गावं हलकी होत गेली. मला वाटलं होतं रडू येईल. उलट, कपाटातल्या जुन्या साड्या बोहारणीला देऊन टाकल्यावर वाटतं तसं बरं वाटत होतं. मन्सूरनं मधेच गेम सुरू करून बघितला आणि म्हणाला, “आक्का, आता चंद्री ऐकू येतीया बघा.”

गद्र्यांनी बॅगेतून कराराचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा मघापेक्षा मोकळा दिसत होता.

“मी तुम्हाला खरं सांगतो, मला हे अपेक्षित नव्हतं,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं तुम्ही एकेका शब्दासाठी भांडाल. आता एकच राहिलं. हे इथे, तिसऱ्या पानावर.”

मन्सूरनं वाचलं आणि होकारार्थी मान हलवली. मी कागद माझ्याकडे ओढला. लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की खेळणाऱ्यानं पोचवलेल्या प्रत्येक निरोपाला बक्षीस असावं. नाणी, औषध किंवा हत्यार. आणि ज्या संभाषणातून खेळणाऱ्याला काहीच मिळत नाही, ती संभाषणं काढावीत.

“म्हणजे म्हाताऱ्यानं पैसे द्यायचे?”

“पाच नाणी. दोनही चालतील. आकडा महत्त्वाचा नाही.”

“कशाचे?”

“निरोप आणल्याचे. ताई, तुम्ही परत घाट चढलात, कारण तुम्ही त्याच्या लेखिका आहात. बाकीचा कोण चढणार? नाणं दिसलं की चढेल. तुमचाच म्हातारा जास्त लोकांपर्यंत जाईल. आणि ते ‘काही नाही’, ‘बरं’ हे काढू. तिथे काहीच घडत नाही. निरोप नसेल तर त्यानं विचारूच नये.”

“निरोप नसंल तर विचारू नये?”

“हो. नुसताच होडी सोडेल.”

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“नाणं नाही. आणि तो विचारणार.”

गद्र्यांनी डोळे चोळले. “ताई, आत्ता तुम्ही पाऊण गाव कापलंत.”

“ते माझं मी कापलं, फालतू होतं म्हणून. आता तुम्ही चंद्रीला फालतू करताय. नाणं ठेवलंत की खेळणारा म्हाताऱ्यासाठी जाईल का नाण्यासाठी?”

“कशासाठीही जाऊ दे, गेल्याशी कारण.”

“मग चंद्री बोलली काय नि भिंत बोलली काय. तो बटण दाबत दाबत नाण्यापर्यंत पोचणार. सूज उतरली का चढली, त्याला काय करायचंय? मघाशी तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, कारण आजूबाजूला गोंगाट होता. आता ऐकू येणार नाही, कारण पैसे वाजणार.”

“जगात सगळे गेम असेच चालतात.”

“चालू देत. हा आमच्या घाटातला हाय.”

“आक्का,” मन्सूर म्हणाला. “एक नाणं. फकस्त एक. म्हातारा खूश होऊन देतो म्हणायचं. त्यात काय वाईट हाय?”

तो काही मला फसवत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली चार वर्षं दिसत होती. घरी अब्बा रोज दुकानाची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवायचे, हेही त्यानंच मला सांगितलं होतं. त्याला नाही म्हणणं गद्र्यांना नाही म्हणण्यापेक्षा फार अवघड होतं.

“घाल,” मी म्हटलं. “गेम तुझा हाय. तू घाल नाणं, सही कर, मी तुझ्यावर रुसणार नाही. पण शेवटचं माझं नाव काढ. आत्ता, माझ्यासमोर.”

“असं काय करताय ओ आक्का.”

“काढ की. एक ओळ तर हाय.”

त्यानं माउसवर हात ठेवला आणि तो हललाच नाही.

गद्रे म्हणाले, “मालनताई, एका काल्पनिक म्हाताऱ्यापायी तुम्ही या मुलाचं नुकसान करताय. तो विचारतो, खेळणारा नाही म्हणतो, तो बरं म्हणतो. यात आहे काय? या ‘नाही’चा कुणाला काय उपयोग?”

तेव्हा मात्र मी उसळले. एरवी मी ते कुणापुढे बोलले नसते. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

“उपयोग मला विचारा,” मी म्हटलं. “माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत आमचे हे गोव्याला गेले, कामाला. घरात फोन कुठला त्या वेळी. पणजीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ ते निरोप द्यायचे. बरा हाय म्हणावं, पुढच्या महिन्यात येतो म्हणावं. मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन ऐकायची. मग निरोप यायचे बंद झाले. मी जायची बंद झाले नाही.”

मन्सूर खाली बघत होता.

“गाडी लागली की मी दारापाशी उभी राहायची. काय निरोप हाय का, म्हणून विचारायची. कंडक्टर बदलत असायचे. एक मला बघितलं की पलीकडच्या दारानं उतरायचा. एकजण दया येऊन म्हणायचा, हाय हाय, बरा हाय, येणार हाय. त्यानं त्यांना कधी बघितलंसुद्धा नव्हतं, मला कळायचं. आणि एकजण होता, लोंढे म्हणून. तो उतरायचा, तिकिटाची पेटी खाली ठेवायचा, माझ्याकडं नीट बघायचा आणि म्हणायचा, न्हाई बाई, आज काय न्हाई. मग पेटी उचलून जायचा. त्याला डेपोत हिशेब द्यायचा असायचा, पोटात भूक असायची, तरी थांबायचा. त्याला त्याचं काय मिळत होतं? मी काय त्याला दोन नाणी देत होते?”

“ताई, मला हे...”

“थांबा. मी घरी जायची ती त्या ‘न्हाई’वर. खोटं ‘हाय’ ऐकलं की रात्रभर डोळा लागायचा नाही. लोंढ्यांचं ‘न्हाई’ ऐकलं की भाकरी खाऊन झोपायची. तुम्ही म्हणताय तिथं काही घडत नाही. माझं त्यावर आयुष्य चाललं. कुणीतरी थांबतो आणि तोंडावर सांगतो, आज नाही. येवढं पण नको असंल तुमच्या खेळणाऱ्याला, तर त्याला म्हणावं दरोडेखोर मार आणि घरी जा. पण म्हातारा विचारणार. ज्याला वाटंल तो परत घाट चढंल, न वाटंल तो पुढं जाईल. चढला तर त्याला काही मिळणार नाही. निरोपाचे पैसे आमच्याकडं घेत नाहीत.”

मन्सूरनं कधीतरी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. गद्रे कागदाकडे बघत होते, पण वाचत नव्हते. मग त्यांनी मान वर केली.

“मग?” त्यांनी विचारलं. “आला का शेवटी निरोप?”

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच विचारत होते. पुण्याचा, अंगठ्यानं माणसं उडवणारा तो गृहस्थ खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता आणि उत्तर ऐकल्याशिवाय मागे टेकणार नव्हता.

“काय मिळणार हाय तुम्हाला सांगून?” मी विचारलं. “पाच नाणी? तलवार?”

ते कानापर्यंत लाल झाले, मग थोडं हसले, मग तेही थांबलं. मन्सूरनं टेबलावरचं पेन उचललं, करार पुढ्यात ओढला आणि तिसऱ्या पानावरच्या त्या कलमावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली. मग त्यानं शेवटच्या पानावर सही केली आणि कागद गद्र्यांकडे सरकवला. आता घ्या नाहीतर ठेवा, असं तो म्हणाला नाही, पण सरकवला तसाच.

“वरचे लोक मला विचारतील,” गद्रे म्हणाले.

“सांगा, कोल्हापूरची बाई ऐकत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी रेघेच्या शेजारी छोटी सही केली, पानं नीट लावली आणि बॅग बंद केली. मन्सूर त्यांना सोडायला दारापर्यंत गेला. चार पायऱ्या उतरून गद्रे थांबले आणि मान वर करून त्यांनी तेच परत विचारलं.

मी सांगितलं नाही. गेम आला, बऱ्यापैकी चालला, शेवटी माझं नाव येतं. गद्र्यांचा फोन अजून कधीमधी येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ते हळूच विचारतात, आणि मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.